शेवाळ खाणाऱ्या माशांना काय आणि कसं खायला घालायचं?

तुमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. त्यात बारा निऑन टेट्रा, सहा मॉली, दोन एंजल. शेवाळासाठी म्हणून दुकानदाराने दिलेले एक सकर, एक सोनेरी अल्गी ईटर आणि पाच ओटो. दीड महिन्यात काच लख्ख झाली, पण तीन ओटो गेले, सकरचं पोट आत गेलंय, सोनेरी मासा रात्री एंजलच्या अंगाला चिकटतो, वेफर (शेवाळखाऊ माशांसाठीची बुडणारी खाद्यवडी) टाकला की टेट्रा तो फस्त करतात आणि काकडीकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुकानदाराने सांगितलं होतं की यांना वेगळं खायला लागत नाही. मग बिघडलं कुठे आणि आता काय घालायचं, असं तुम्ही विचारलंय.

बिघडलं ते त्या दुकानदाराच्या वाक्यातच. काच लख्ख झाली त्या दिवशी या सात माशांचं अन्न संपलं. नदीत हे मासे दिवसभर दगडं आणि बुडालेली लाकडं खरवडत फिरतात. एक दगड साफ झाला तर पुढे दुसरा असतो, आणि मागचा तोवर पुन्हा हिरवा होतो. शेवाळाच्या त्या बुळबुळीत थरात पोषण कमी आणि पाणी जास्त, म्हणून या माशांचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि त्यातून सतत काहीतरी जात राहावं लागतं. दिवसातून दोनदा चिमूटभर फ्लेक्स खाऊन निवांत राहणाऱ्या टेट्राचा हिशोब इथे लावता येत नाही. तुमच्या टाकीत काठापासून दोन इंच सोडून आणि खडी वजा करून सुमारे 130 लिटर पाणी असेल. तेवढ्या काचेवर आणि खडीवर सात मासे दीड महिना चरले, हेच खूप झालं.

आता सगळ्यात तातडीचं काम. तो सोनेरी मासा आजच वेगळा करा. बादली, जुनी टाकी, प्लॅस्टिकचा टब, जे असेल त्यात एअर पंप लावून ठेवा आणि वर जाळी टाका, कारण तो उडी मारतो. त्याचं शास्त्रीय नाव जायरिनोकायलस आयमोनिएरी. दुकानात त्याला चायनीज म्हणतात, पण तो मुळात थायलंड, लाओस, कंबोडियाकडचा, मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला. बोटाएवढा असताना तो खरोखरच मन लावून शेवाळ खातो. वाढला की त्याची चव बदलते आणि तो प्रदेश राखायला लागतो. चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडायची त्याला सवय लागते, आणि एंजल, डिस्कस, गुरामी हे त्याच्यासाठी सोपे. तो थर म्हणजे माशाचं जंतूंपासूनचं संरक्षण. तो गेला की खवल्यांवर लालसर चट्टे, मग बुरशी, असं ठरलेलं चालतं. एंजलच्या दोन्ही बाजू टॉर्चच्या तिरक्या उजेडात नीट बघा. चट्टे असतील तर आधी औषधाच्या मागे लागू नका. रोज पंधरा-वीस टक्के ताजं, क्लोरीन काढलेलं पाणी बदला. हल्ला थांबला की बहुतेक एंजल आपोआप भरून येतात. सोनेरी मासा पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे तुमच्या टाकीत तो नंतरही परत घालण्याजोगा नाही. दुकानदाराला परत द्या. पोटभर खायला घातलं तर हा शांत होईल असं काही जण सांगतात. थोडा फरक पडतो, पण एकदा चटक लागलेला मासा एंजलसोबत ठेवण्याचा धोका मी कुणालाच पत्करू देणार नाही.

उरलेले दोन ओटो सध्या सगळ्यात नाजूक अवस्थेत आहेत. ओटो म्हणजे ओटोसिंक्लस, दक्षिण अमेरिकेतला जेमतेम चार सेंटिमीटरचा मासा. बाजारात येणारे बहुतेक ओटो पैदास केंद्रातले नसतात, तिथल्या नद्यांतून पकडलेले असतात. पकडल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत तो निर्यातदाराकडे, विमानात, घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी दुकानाच्या चकचकीत टाकीत राहतो, आणि या सगळ्या मुक्कामांत शेवाळ जवळपास नसतंच. म्हणजे पिशवीतून घरी येतानाच तो बरेच दिवसांचा उपाशी असतो. घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओटो मरतात त्यामागे बहुतेक वेळा हीच उपासमार असते. लोक मात्र पाण्याचा पीएच तपासत बसतात.

ओटोची तब्येत त्याच्या पोटावर दिसते. तो समोरच्या काचेला चिकटला की खालून सरळ पोटाकडे बघा. निरोगी ओटोचं पोट किंचित फुगीर, मलईच्या रंगाचं असतं आणि आतून फिकट हिरवट छटा जाणवते. पोट सपाट असेल तर अन्न कमी पडतंय. पोट आत गेलेलं असेल, कल्ल्यांच्या मागे खाच पडली असेल, तर हातात थोडेच दिवस आहेत. विष्ठाही बघा. तपकिरी-हिरव्या, भरीव दोऱ्या निघत असतील तर काळजी नाही. पांढरट, पारदर्शक, पोकळ धागा लोंबत असेल तर आतड्यात अन्नच नाही. सकरच्या बाबतीत पोटासोबत डोळे बघायचे. डोळ्यांभोवतीचा भाग खोल गेलेला, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील, तर त्याची उपासमार बरीच जुनी आहे. तुमच्या सकरचं पोट आत गेलंय पण डोळे ठीक असतील, तर तो बहुतेक सावरेल. सकर दणकट असतो.

आता खाणं. याच्यावर मी सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

काकडी कुणी खात नाही असं तुम्ही लिहिलंय. ती कच्ची टाकली असणार आणि बहुधा तरंगत राहिली असणार. तळाशी आणि काचेवर चरणाऱ्या माशाला वर तरंगणाऱ्या चकतीचा काही उपयोग नाही. शिवाय काकडीत पाण्याखेरीज फारसं काही नसतं. आपल्या भाजीबाजारात याहून कितीतरी चांगले पर्याय आहेत: दोडका, घोसाळं, दुधी, पालक, मटार, फरसबी. परदेशी माहितीत झुकिनीचं नाव सारखं येतं. ती मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी मॉलमध्ये जायची गरज नाही. कोवळं घोसाळं तेच काम करतं, आणि माझ्या टाक्यांत झुकिनीपेक्षा घोसाळ्यावर जास्त गर्दी होते.

भाजी नीट धुवा, थोडा वेळ साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि साल काढा. फवारणीचा अंश सालीवरच जास्त असतो. दोडक्याच्या शिरा तासून टाका. अर्धा इंच जाड चकत्या करा. उकळत्या पाण्यात दुधी आणि दोडका दोन-तीन मिनिटं, पालकाची पानं मिनिटभर, मटार तीन-चार मिनिटं. मीठ, सोडा, तेल काही नको. बाहेर काढून लगेच गार पाण्यात टाका. चकती बोटाने दाबल्यावर दबली पाहिजे, पण लगदा होता कामा नये. मटाराचं साल काढून आतला गर तेवढा द्या. मग चकती स्टीलच्या काट्याला टोचा आणि काट्यासकट टाकीत ठेवा, म्हणजे ती तळाशी बसते. तांब्या-पितळेचं काहीही पाण्यात घालू नका. तांबं माशांना वाईट आणि कोळंबी-गोगलगायींना तर जीवघेणं. जास्तीच्या चकत्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर दोन-तीन आठवडे पुरतात, आणि एकदा गोठून सुटलेली भाजी मऊ होते, ती ओटोच्या बारीक तोंडाला सोपी जाते.

पहिल्या रात्री कुणी तोंड लावलं नाही म्हणून सोडून देऊ नका. नदीतून आलेल्या माशाला दुधी हे अन्न आहे हे माहीतच नसतं. रोज रात्री त्याच भाजीची चकती त्याच जागी ठेवा. ओटो दिवसा ज्या पानावर किंवा कोपऱ्यात बसतात तिथून वीतभर अंतरावर असेल तर बरं. चकतीवर बारा-पंधरा तासांत सूक्ष्मजीवांचा पातळ थर धरतो आणि बऱ्याचदा ओटो आधी तो थर चाटायला येतात, मग भाजी खरवडायला लागतात. तीन-चार रात्री तरी धीर धरा. एकाने सुरू केलं की दुसरा बघून येतो. सकर मात्र वास लागला की पहिल्याच रात्री चकतीचा चट्टामट्टा करेल. म्हणून दोन चकत्या टाकीच्या दोन टोकांना ठेवा, नाहीतर ओटोच्या वाट्याला काही उरणार नाही. सकाळी उरलेली भाजी न चुकता काढा. उन्हाळ्यात तर ती बारा तासांपेक्षा जास्त आत राहू देऊ नका, पाणी दुधाळ होतं आणि प्राणवायू घटतो.

वेफर टेट्रा खातात यावर उपाय वेळेचा आहे. सकर आणि ओटो दोघांनाही अंधारात खाता येतं, टेट्रा आणि एंजल अंधारात खाण्याच्या मागे लागत नाहीत. संध्याकाळी बाकीच्या माशांना टाकीच्या एका टोकाला नेहमीचं खाणं द्या, त्यांचं पोट भरू द्या, दिवा बंद करा, खोलीतलाही उजेड कमी करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने दुसऱ्या टोकाला वेफर सोडा. मॉली चिकाटीच्या असतात, त्या तरीही येतील. त्यांच्यासाठी मातीची छोटी कुंडी आडवी ठेवून वेफर तिच्या आत सरकवा. सकर आत शिरतो आणि शेपटीने दार अडवून खातो.

वेफर विकत घेताना पाकिटामागचे घटक वाचा. नाव अल्गी वेफर असलं तरी पहिला घटक बहुतेकदा फिशमील (माशांची पूड) आणि दुसरा गव्हाचं पीठ असतो. शैवाल कुठेतरी तळाला. स्पिरुलिना, केल्प किंवा भाजीचा अंश वरच्या तीन-चार घटकांत असेल ते घ्या. रोज वेफर नको. आठवड्यातून दोन-तीन रात्री वेफर, बाकीच्या रात्री भाजी, असा क्रम बरा चालतो. वीतभर सकरला एक ते दीड वेफर पुरतो. सकाळी तळाशी पिठाचा ढीग दिसला तर मात्रा जास्त झाली.

थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर घरी जेल बनवा. मूठभर उकडलेला पालक आणि मटार मिक्सरमधून काढा. एक कप पाण्यात एक चहाचा चमचा अगर पावडर, म्हणजे आपली चायना ग्रास, दोन मिनिटं उकळा. गॅस बंद करून त्यात भाजीची पेस्ट घाला, कोमट होत आलं की दोन चमचे स्पिरुलिना पावडर ढवळा आणि ताटलीत पातळ ओता. घट्ट झाल्यावर वड्या पाडून फ्रीझरमध्ये. जिलेटिन वापरू नका, ते तिशीच्या वरच्या तापमानात सैल पडतं आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात टाकीचं पाणी सहज तिथवर जातं. अगर एकदा जमलं की गरम पाण्यातही विरघळत नाही. ओटोंसाठी याच मिश्रणात चपटे गोटे बुडवून गार करा. गोट्यावर पातळ लेप बसतो आणि मासा त्यावर अगदी नदीतल्यासारखा चरतो.

पण ओटोंसाठी सगळ्यात खात्रीचं अन्न म्हणजे खरं शेवाळ, आणि ते गॅलरीत पिकवता येतं. पांढरा टब घ्या, त्यात मुठीएवढे गुळगुळीत गोटे मांडा. टाकीतून काढलेलं जुनं पाणी त्यात ओता, त्यात माशांच्या विष्ठेतून तयार झालेलं नायट्रेट असतं आणि शेवाळाला तेच हवं. ऊन मिळेल तिथे ठेवा. उन्हाळ्या-हिवाळ्यात आठ ते पंधरा दिवसांत गोटे हिरवे-तपकिरी होतात, पावसाळ्यात ढगांमुळे जास्त वेळ लागतो. दोन गोटे टाकीत ठेवा, साफ झाले की परत उन्हात, त्यांच्या जागी दुसरे दोन. गोटा आपल्याकडचा काळा बेसाल्ट असेल तर उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. मात्र सह्याद्रीच्या दगडांत पांढऱ्या खड्यांच्या शिरा असतात. तिथे लिंबू पिळून बघा. फेस आला तर तो चुनखडीचा अंश, तो गोटा बाजूला ठेवा, नाहीतर पाणी जड होत जाईल. टबावर मच्छरदाणीची बारीक जाळी घट्ट बांधायला विसरू नका. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठवड्याभरात डास तयार होतात. ओढ्या-नाल्यातून हिरवा दगड उचलून थेट टाकीत घालणंही नको, सोबत जळवा आणि परजीवी येतात.

आणि टाकीची मागची आणि बाजूची काच घासणं थांबवा. समोरची तेवढी साफ करा. तुम्हाला पारदर्शक दिसणाऱ्या काचेवरही पातळ थर धरलेला असतो आणि ओटो त्यावरच दिवसभर घासत असतो. ड्रिफ्टवूडचा, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचा, एखादा तुकडा ठेवा. त्यावर हा थर काचेपेक्षा जास्त धरतो आणि सकरच्या जातीचे मासे लाकूडही खरवडतात.

शेवाळ म्हणजे एकच गोष्ट नव्हे, त्यामुळे कुठला मासा काय खातो हेही एकदा बघून घ्या. नव्या टाकीत पहिल्या काही महिन्यांत येणारा तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, तो ओटोंचा आवडता. मऊ हिरवा थर सगळेच खातात. काचेवरचे कडक हिरवे ठिपके नेराइट गोगलगायीखेरीज कुणी फारसे हलवू शकत नाही, ते जुन्या ब्लेडने खरवडा. पानांच्या कडांवर येणारे काळे, दाढीसारखे झुपके खाणारा मासा एकच नावाजलेला, खरा सायमीज अल्गी ईटर. त्याच्या अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत, थेट खाचेपर्यंत जाते आणि पंख रंगहीन असतात. पट्टी शेपटीच्या मुळाशी थांबत असेल किंवा पंखांवर रंग असेल, तर तो दुसराच मासा. खरा सायमीज पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि फ्लेक्सची चटक लागली की शेवाळ सोडतो, तेव्हा त्याला आठवड्यातला एक दिवस उपास द्यावा. निळसर-हिरवी, दुर्गंधी असलेली साय मुळात शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंची असते, ती कुणीही खात नाही. हिरवं गढूळ पाणीही कुठला शेवाळखाऊ मासा साफ करणार नाही. त्या दोन्हींचं कारण उजेड, जास्त खाणं आणि कमी पाणीबदल यांत शोधायचं. दिवा टायमरवर सहा ते आठ तास, टाकीवर खिडकीचं थेट ऊन नाही, इतकं पाळलं तरी निम्मं शेवाळ आटोक्यात राहतं, आणि मासा फक्त त्याच्या सहवासाच्या आनंदासाठी पाळता येतो.

आता तुमच्या सकरबद्दल. दुकानात याला काही जण प्लेकोस्टोमस म्हणतात, पण आपल्याकडे सर्रास विकला जाणारा सकर टेरिगोप्लिक्थिस जातीतला, उंच शिडासारखा पाठीचा पंख असलेला. आज तो वीतभर असेल. पूर्ण वाढला की चाळीस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा, आणि आयुष्य पंधरा वर्षांच्या आसपास. तुमची टाकी सव्वा फूट रुंद आहे, म्हणजे साधारण 38 सेंटिमीटर. त्याला वळताही येणार नाही. मासा टाकीच्या मापाने वाढतो ही समजूत खोटी आहे. टाकी लहान पडली की वाढ खुंटते, पाठ वाकते आणि मासा आयुष्य भरण्याआधीच मरतो. मोठा सकर शेवाळही कमी खातो, आणि त्याची विष्ठा इतकी होते की नायट्रेट वाढून नवं शेवाळ उगवतं. म्हणजे ज्या कामासाठी तो आणला त्याच्या उलट होतं. शिवाय अॅमेझॉन स्वोर्डसारख्या पाणवनस्पतींच्या रुंद पानांना तो भोकं पाडतो.

पुढचे सहा-आठ महिने तो तुमच्याकडे आनंदाने राहील. त्या काळात त्याला भरपूर खायला घाला, दर आठवड्याला पंचवीस-तीस टक्के पाणी बदला, लपायला पीव्हीसी पाइपचा रुंद तुकडा द्या आणि पाच-सहा फुटी टाकी किंवा मोठा हौद असलेला माणूस आत्तापासून शोधायला लागा. त्याची जागा घ्यायला ब्रिसलनोज आणा. तोही त्याच कुळातला, पण बारा-चौदा सेंटिमीटरवर थांबतो, तोंडावर मिशांसारखे फाटे येतात (नराला जास्त), आयुष्यभर शेवाळ खातो आणि पैदास केंद्रातून सहज मिळतो. तीन फुटी टाकीला एक पुरे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. सकर तलावात, नदीत, धरणात, विहिरीत कुठेही सोडू नका. हा मासा दक्षिण अमेरिकेतला, पण लोकांनी सोडून सोडून तो केरळ, आंध्र, बंगालच्या पाण्यात घट्ट बसला आहे, आणि 2020 साली वाराणसीजवळ गंगेतही सापडला. त्याचं अंग हाडांच्या पट्ट्यांनी मढलेलं, पंखांचे काटे कडक, त्यामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. पिल्लं वाढवायला तो काठात बिळं करतो आणि काठ ढासळतात. खायला कुणी घेत नाही. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तो वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून श्वास भागवतो, म्हणून आपले रोहू, कटला जिथे मरतील तिथेही तो तगतो. काठावरच्या कुटुंबांची रोजी आपल्या एका सोडलेल्या माशाने बुडू शकते.

आपल्या नद्यांतही शेवाळ खरवडणारे मासे आहेत. गॅरा मुल्या ही जात सायक्स या ब्रिटिश अभ्यासकाने 1839 मध्ये दख्खनमधल्या नद्यांवरून नोंदवली. मुळा-मुठेच्या वरच्या अंगाला, पश्चिम घाटातल्या खळाळत्या ओढ्यांत दगडाला चिकटलेले हे मासे पावसाळ्यानंतर बघायला मिळतात. ते बघायचे तिथेच. घरच्या संथ, कोमट टाकीत त्यांना आणू नका. त्यांना वेगाचं पाणी आणि भरपूर प्राणवायू लागतो, आणि घाटातल्या काही गॅरा जाती फार थोड्या ओढ्यांपुरत्या उरल्या आहेत.

कोळंबीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून लिहितो. ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकाराने वनस्पतींच्या टाकीत शेवाळासाठी वापरून प्रसिद्ध केलेली आमानो कोळंबी उत्तम काम करते, पण तुमच्याकडे एंजल आहेत, ते तिला खातील. नेराइट गोगलगाय चालेल. गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही. लाकडावर पांढरी अंडी चिकटवते तेवढा त्रास. आणि हो, एंजल पूर्ण वाढले की निऑनही त्यांना खाण्याजोगे वाटतात, तिकडेही लक्ष असू द्या.

पाण्याबद्दल थोडं. नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन काढणारं औषध प्रत्येक वेळी घाला. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा नगरपालिका क्लोरीन वाढवतात, त्या दिवसांत मोठा पाणीबदल टाळा, थोडं थोडं बदला. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 32 अंशांना सुमारे 7.3. आकडा थोडाच उतरतो, पण त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि तळाशी कुजणारी भाजी उरलेला प्राणवायू खाते. ओटो आधी गळतात. एप्रिल-मेमध्ये हवेचा बुडबुडा जोरात ठेवा आणि वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. सकर अधूनमधून वर जाऊन हवा घेत असेल तर ठीक. सगळेच मासे वर तोंड काढून असतील तर लगेच पाणी बदला. औषध द्यायची वेळ आली तर तांब्याचं औषध टाळा, आणि बाकी औषधांची अर्धी मात्रा आधी देऊन बघा, खवले नसलेले आणि अंगावर हाडांच्या पट्ट्या असलेले मासे लवकर बाधतात. पकडताना जाळीऐवजी प्लॅस्टिकची बरणी वापरा, सकर आणि ओटोचे काटे जाळीत अडकून मोडतात.

नवीन ओटो लगेच आणू नका. उरलेल्या दोघांची पोटं गोल होऊ द्या, गॅलरीतल्या गोट्यांची फेरी सुरळीत चालू द्या, सोनेरी मासा गेलेला असू द्या. मग चार आणा, ओटो घोळक्यात राहतात आणि एकटे-दुकटे दबून बसतात. दुकानात गेल्यावर विचारा की हा माल कधी आला. कालच आला असेल तर दोन आठवडे थांबा, अनामत द्यावी लागली तरी द्या, कारण दुबळे मासे त्या काळातच मरून जातात आणि उरतात ते तग धरणारे. काचेला चिकटलेल्याचं पोट खालून बघा, सपाट असेल तर घेऊ नका. दुकानदाराला त्यांच्या टाकीत उकडलेल्या दोडक्याची चकती टाकायला सांगा. ज्या टाकीतले ओटो त्यावर येऊन बसतात, त्याच टाकीतले पिशवीत भरून घ्या.